मॉडेलरमध्ये हाताचा जोर का उमटत नाही? सॅग, स्पीकर कर्व आणि आयआर यांविषयी प्रश्न

सहावी तार (प्रश्न)

नमस्कार. मी गेली बारा वर्षे गिटार वाजवत आहे आणि दीड वर्षापूर्वी मी एक मॉडेलर (खऱ्या अ‍ॅम्पची नक्कल करणारे डिजिटल यंत्र) घेतला. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत आणि घरात लहान मूल आहे, त्यामुळे रात्री हेडफोनवर सराव करायचा आणि महिन्यातून दोन-तीन वेळा ऑर्केस्ट्राबरोबर सभागृहाच्या पीएवर (ध्वनिव्यवस्थेवर) वाजवायचे, असा माझा वापर आहे.

गेल्या महिन्यात एका मित्राकडे मला फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब तासभर वाजवायला मिळाला. व्हॉल्यूम सहावर होता. हलक्या हाताने सहावी तार छेडली की स्वच्छ, घंटेसारखा सूर येई. तीच तार जोराने छेडली की सूर आधी क्षणभर मागे ओढल्यासारखा होई आणि मग फुगून पुढे येई, कडांना थोडी खरखर घेऊन. हात जे करत होता त्याला अ‍ॅम्प उत्तर देत होता, असे मला वाटले. घरी येऊन मॉडेलरवर त्याच अ‍ॅम्पचे मॉडेल लावले आणि नॉबही तसेच ठेवले. खरखर आली, पण ते फुगणे आले नाही. जोर वाढवला की आवाज नुसताच मोठा होतो.

मग मी डायनॅमिक्सच्या पानावरचा सॅग पाचवरून नऊवर नेला आणि स्पीकर कॉम्प्रेशन शेवटपर्यंत फिरवले. त्याने आवाज ओल्या फडक्याखालून आल्यासारखा झाला. वीस-पंचवीस वेगवेगळे आयआर (कॅब म्हणजे स्पीकरची पेटी आणि माइक यांच्या आवाजाची नोंद असलेल्या फाइल) लावून पाहिले, तर प्रत्येकाने आवाजाचा रंग बदलला, पण हाताला काहीही वेगळे जाणवले नाही. स्पीकरच्या पानावर इम्पीडन्स कर्वची (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या स्पीकरच्या विद्युतरोधाच्या आलेखांची) लांबलचक यादी आहे. पूर्वी मार्शलच्या मॉडेलसाठी मी त्यात ४×१२ (चार बारा इंची स्पीकरांची पेटी) निवडले होते आणि तेव्हापासून सगळ्या पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंगच्या संचांमध्ये) तेच ठेवले आहे. अ‍ॅम्पचा मास्टर मी तीनवर ठेवतो, कारण रात्री हेडफोनला तेवढा आवाज पुरतो. यांपैकी कोणती सेटिंग नेमके काय करते आणि आधी कशाला हात लावावा, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

बारा इंच

तुमच्या प्रश्नातच दोन उत्तरे दडलेली आहेत: तीनवरचा मास्टर आणि मार्शलसाठी निवडलेला ४×१२ कर्व.

आधी मास्टर. खऱ्या डिलक्स रिव्हर्बला मास्टर व्हॉल्यूम नसतोच. त्याच्या प्रत्येक चॅनेलला एकच व्हॉल्यूम असतो आणि तो वाढवला की प्रीअ‍ॅम्पकडून (सूर घडवणाऱ्या पहिल्या टप्प्याकडून) आलेला पूर्ण सिग्नल शेवटच्या दोन ६व्ही६ ट्यूबांवर, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पवर, आदळतो. मॉडेलर बनवणाऱ्यांनी सोयीसाठी सगळ्याच अ‍ॅम्पना मास्टर दिला आहे. पण ज्या मूळ अ‍ॅम्पला तो नव्हता त्याच्या मॉडेलमध्ये मास्टर पूर्ण उघडा ठेवला, तरच तो अ‍ॅम्प मुळासारखा वागतो. तुम्ही तो तीनवर आणला, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पला जवळजवळ कामच उरले नाही. तुम्हाला ऐकू येणारी खरखर प्रीअ‍ॅम्पची आहे, आणि ज्या फुगण्याची तुम्हाला आठवण येते ते सारे पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये घडते. आवाज कमी करायचा असेल तर अ‍ॅम्प ब्लॉकची शेवटची लेव्हल किंवा यंत्राचा आउटपुट नॉब कमी करावा, कारण त्या दोन्ही ठिकाणी फक्त आकडा लहान होतो, अ‍ॅम्पचा स्वभाव बदलत नाही.

सॅगचेही तेच. सॅग हा अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्याचा गुण आहे. तुम्ही तार जोराने छेडता तेव्हा पॉवर ट्यूबा एकदम जास्त करंट ओढतात. ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर ट्यूब (एसी वीज डीसी करणारी) यांना स्वतःचा रोध असल्यामुळे पुरवठ्याचे व्होल्टेज खाली बसते, आणि तार किंचित शांत झाली, कपॅसिटर पुन्हा भरले, की ते वर येते. सूर आधी मागे ओढला जातो आणि मग पुढे येतो, असे जे तुम्ही लिहिले आहे, त्यातला मोठा भाग हाच. पण पॉवर ट्यूबांनी करंट ओढलाच नाही तर व्होल्टेज कशाने बसणार? म्हणून मास्टर तीनवर असताना सॅग नऊवर नेल्याने फारसे काही घडले नसावे, आणि तुम्ही ऐकलेला दबलेपणा बहुतांशी स्पीकर कॉम्प्रेशनचा असावा. शिवाय प्रत्येक अ‍ॅम्पचा सॅग निराळा असतो. डिलक्स रिव्हर्बमध्ये जीझेड३४ ही रेक्टिफायर ट्यूब आहे आणि ती तुलनेने खंबीर असते. जुन्या ट्वीड डिलक्सच्या ५ई३ सर्किटमध्ये ५वाय३ असते, तिथे व्होल्टेज बरेच जास्त बसते. ट्विन रिव्हर्बमध्ये सिलिकॉन डायोड आहेत, त्यामुळे तो अ‍ॅम्प जोराखाली फारसा वाकत नाही. मेसाच्या ड्युअल रेक्टिफायरला ते नावच मुळी ट्यूब आणि डायोड या दोन प्रकारांमध्ये निवड करता येते म्हणून मिळाले. तेव्हा सॅग मॉडेलच्या मूळ आकड्यावर परत न्या आणि आधी मास्टर उघडून ऐका.

आता कर्व, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असते, पण तो आकडा नाममात्र असतो. प्रत्यक्षात खालच्या पट्टीत, स्पीकरच्या अनुनादाच्या ठिकाणी, इम्पीडन्स त्याच्या कित्येक पट वर जाते, मग काहीशे हर्ट्झवर ते आठच्या आसपास येते आणि त्यापुढे व्हॉइस कॉइलच्या (स्पीकर हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जाते. ट्यूब अ‍ॅम्प हा चढउतार दुर्लक्षून पुढे जात नाही. जिथे इम्पीडन्स जास्त तिथे तो स्पीकरला जास्त व्होल्टेज देतो, म्हणून खालचा एक उंचवटा आणि वरची धार, दोन्ही आपोआप उठून येतात. डिलक्स रिव्हर्बमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणे) आहे आणि स्वच्छ वाजवताना तो हा चढउतार बराच आवरून धरतो. पण जोराने छेडल्यावर पॉवर अ‍ॅम्प क्लिप होऊ, म्हणजे लहरींची टोके कापू, लागला की फीडबॅकला आवरायला जागा उरत नाही आणि कर्व मोकळा सुटतो. जोर वाढवला की सूर फुगतो, त्याला भार येतो, वर चकाकी येते, ती इथून. व्हॉक्स एसी३० मध्ये हा फीडबॅक नाही, त्यामुळे तिथे कर्व सदैव बोलत असतो. हा फरक एकदा कानात बसला की दोन्ही अ‍ॅम्प वेगळे का वाटतात ते समजते.

बंद पाठीच्या ४×१२ मध्ये आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे खालचे शिखर वरच्या बाजूला सरकते. डिलक्स रिव्हर्बसारख्या उघड्या पाठीच्या एका बारा इंची स्पीकरमध्ये ते खाली राहते. हे कागदावरून पटणार नाही, म्हणून एक प्रयोग करा. मास्टर पूर्ण उघडा, आयआर एकच ठेवा आणि सहाव्या तारेवर मोकळ्या सुरापासून सातव्या पडद्यापर्यंत एकेक पडदा चढत सारख्याच जोराने वाजवा. मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झची आहे, तिसरा पडदा ९८, पाचवा ११० आणि सातवा सुमारे १२३ हर्ट्झचा. यांपैकी एखाद्या ठिकाणी सूर इतरांपेक्षा फुगलेला लागेल. आता फक्त कर्व बदला आणि पुन्हा चढा. फुगवटा वेगळ्या पडद्यावर गेलेला आढळेल. आयआर बदलूनही रंग बदलतो, पण जोराबरोबर वाढणारा फुगवटा त्याने हलत नाही.

माइकसमोर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आयआरबद्दल थोडे जोडतो, कारण मी घरी रेकॉर्डिंग करतो आणि याच गोंधळातून गेलो आहे.

आयआर म्हणजे विशिष्ट कॅब, विशिष्ट माइक आणि माइकची विशिष्ट जागा यांची एक स्थिर नोंद. तुम्ही हलके वाजवा की जोरात, आयआर दोन्ही वेळा तेच गणित करतो, म्हणून पंचवीस आयआर बदलूनही तुमच्या हाताला काही जाणवले नाही, आणि पंचवीसशे बदलले असते तरी जाणवले नसते. नेहमीचा आयआर १०२४ किंवा २०४८ सॅम्पलचा असतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर सुमारे २१ किंवा ४३ मिलिसेकंदांचा. खालच्या पट्टीचा बारकावा हवा असेल तर लांब आयआर घ्यावा, पण लांबी वाढवली तरी तो स्थिरच राहतो. खऱ्या स्पीकरमध्ये जे जोरानुसार बदलते, म्हणजे व्हॉइस कॉइल तापून तिचा रोध वाढणे आणि कोन (स्पीकरचा कागदी शंकू) आपल्या हालचालीच्या मर्यादेपर्यंत जाऊन अडखळणे, ते आयआरमध्ये येत नाही. त्यासाठीच फ्रॅक्टल कंपनीच्या मॉडेलरसारख्या यंत्रांत स्पीकर ड्राइव्ह आणि स्पीकर कॉम्प्रेशन वेगळे दिलेले असतात.

मात्र ही दोन सेटिंग सर्वांत शेवटी आणि अगदी थोडी वापरावीत, असे माझे ठाम मत आहे. १०० वॅटचा मार्शल चार २५ वॅटच्या ग्रीनबॅक स्पीकरांवर पूर्ण उघडून वाजवला तर स्पीकर खरोखरच घाम गाळतात आणि तिथे कॉम्प्रेशन शोभते. २२ वॅटच्या अ‍ॅम्पवर सहाच्या व्हॉल्यूमला ते तितके नसते. ते शेवटपर्यंत फिरवले की तार छेडण्याचा पहिला टोकदार क्षण कापला जातो. आपला कान जोर ओळखतो तो त्याच क्षणावरून, म्हणून तो गेला की सगळे दबल्यासारखे वाटते. मूळ आकड्यावर ठेवा, मास्टर आणि कर्व नीट झाल्यावर एकेक टप्पा वाढवा, आणि पिकचा खट् असा स्पर्श हरवला की एक टप्पा मागे या.

हाय कटविषयी (वरची पट्टी कापणाऱ्या फिल्टरविषयी) हीच काळजी घ्या. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे स्वतःच वेगाने उतरतो आणि ती उतरण आयआरमध्ये आलेली असते. तरीही अनेक जण सवयीने ५ किलोहर्ट्झवर हाय कट लावतात आणि मग वाद्य हाताला उत्तर देत नाही अशी तक्रार करतात. टोचणारा आवाज असेल तर कट लावण्याआधी वेगळा आयआर घ्या. एसएम५७ माइक डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मध्यावरच्या घुमटाच्या) मधोमध रोखलेला असेल तर आवाज तीक्ष्ण येतो, तोच माइक कोनाच्या कडेकडे सरकवला की मऊ येतो, आणि रॉयर १२१ सारखा रिबन माइक मुळातच वरून सौम्य असतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने परत येणार नाही. मित्राच्या खोलीत अ‍ॅम्प मोठ्या आवाजात वाजत होता, तुमच्या पायांखालची फरशी आणि हातातली गिटार त्याबरोबर हलत होती, तारा स्पीकरच्या हवेने पुन्हा चेतत होत्या. हेडफोनमध्ये ते होत नाही. शिवाय आवाज कमी असला की कानाला खालची आणि वरची पट्टी प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले आहे. म्हणून रात्री हेडफोनवर घडवलेला पॅच सभागृहात बुडात जड आणि वर कर्कश लागतो. सभागृहासाठी वेगळा पॅच ठेवणे हाच मार्ग आहे.

सहावी तार

दोघांचेही मनापासून आभार. दोन रात्री बसून सांगितल्याप्रमाणे केले. मास्टर पूर्ण उघडला, सॅग आणि स्पीकर कॉम्प्रेशन मूळ जागी नेले, कर्व डिलक्स रिव्हर्बच्या १×१२ चा लावला आणि आउटपुट कमी केला. पहिल्याच जोराच्या सुराला मी थांबलो. तो फुगवटा होता. पडद्यांचा प्रयोगही केला: ४×१२ च्या कर्वला पाचव्या-सहाव्या पडद्यावर सूर भरत होता, १×१२ ला तो दुसऱ्या-तिसऱ्यावर आला. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला की सगळे स्वच्छ होते आणि दहावर नेला की अ‍ॅम्प पुढे सरसावतो. दीड वर्षात मी गिटारच्या त्या नॉबला हातही लावला नव्हता.

दोन शंका उरल्या आहेत. शनिवारच्या कार्यक्रमात सभागृहातल्या पीएवर यातले फारसे काही ऐकू आले नाही, आवाज पुन्हा सपाट झाला. आणि दुसरे म्हणजे, मास्टर उघडल्यापासून वरच्या पडद्यांवर लांब सूर धरला की त्याच्या खाली एक पुसट, बेसूर असा दुसरा सूर ऐकू येतो. माझे यंत्र बिघडले आहे का?

पीएची बाजू

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण मी अशाच कार्यक्रमांत मिक्सरवर बसतो. गिटारच्या चॅनेलवर आम्ही बहुतेक वेळा लो कट (खालची पट्टी कापणारा फिल्टर) दाबतो, जो मिक्सरनुसार ८० किंवा १०० हर्ट्झच्या आसपास असतो. तुमचा दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावरचा फुगवटा नेमका तिथेच आहे, म्हणजे तो आम्हीच कापला. त्याखेरीज चॅनेलवर कॉम्प्रेसर असेल तर हलक्या आणि जोराच्या सुरातले अंतर तोही मिटवतो. कॉम्प्रेसर काढायची विनंती तुम्ही अवश्य करा. मॉडेलरमधून येणारा ओव्हरड्राइव्हचा आवाज आधीच दबलेला असतो आणि त्याला पुन्हा दाबण्याचे कारण नसते.

लो कटबद्दल मात्र मी मिक्सरवाल्याच्या बाजूने बोलेन. ऑर्केस्ट्रात बेस गिटार, ढोलकीचा धूम आणि ऑक्टोपॅडचा किक हे सगळे ६० ते १२० हर्ट्झच्या पट्टीत बसलेले असतात. तिथे गिटारही फुगली तर प्रेक्षकांना तालच ऐकू येत नाही. सभागृहासाठी खालचा फुगवटा सोडून द्या आणि जोराची वरची निशाणी, म्हणजे दीड ते चार हजार हर्ट्झमधली धार, सांभाळा. ती लो कटमधून सुटते आणि मागच्या रांगेपर्यंत पोहोचते.

स्वतःला स्टेजवर तो फुगवटा हवा असेल, तर पीएला आयआरसह एक आउटपुट द्या आणि दुसऱ्या आउटपुटवरून पॉवर अ‍ॅम्प घेऊन मागे खरा १×१२ कॅब ठेवा. या दुसऱ्या मार्गावर आयआर बंद असला पाहिजे, नाहीतर एकावर एक दोन स्पीकर होतात आणि आवाज रजईत गुंडाळल्यासारखा येतो. पॉवर अ‍ॅम्प सॉलिड स्टेट असेल तर मॉडेलरमधला कर्व चालू ठेवा, कारण असा अ‍ॅम्प सामान्यतः कॅबच्या इम्पीडन्सला दाद देत नाही आणि ते काम मॉडेललाच करावे लागते. पॉवर अ‍ॅम्प ट्यूबचा असेल तर मात्र तो कॅबशी स्वतःच बोलतो. तिथे सपाट कर्व निवडा किंवा मॉडेलचा पॉवर अ‍ॅम्प भाग बंद करा, अन्यथा तोच चढउतार दोनदा लागेल.

बारा इंच

दुसऱ्या शंकेबद्दल: यंत्र बिघडलेले नाही. तुम्ही ऐकलेला भूतसूर खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्येही असतो, आणि आता पॉवर अ‍ॅम्पला खरोखर काम मिळाल्यामुळे तो तुमच्यापर्यंत पोहोचला आहे. भिंतीतून येणारी वीज आपल्याकडे ५० हर्ट्झची आहे. रेक्टिफायरनंतर तिची लहर १०० हर्ट्झची होते आणि पुरवठा ताणाखाली असताना कपॅसिटर ती पूर्ण गाळू शकत नाहीत. तीच लहर तुमच्या सुराला वरखाली हलवते. तुम्ही ४४० हर्ट्झचा सूर धरला असेल तर त्याच्या बाजूला ३४० आणि ५४० असे दोन पुसट सूर तयार होतात, जे कोणत्याच सप्तकात नीट बसत नाहीत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथे लहर १२० ची होते आणि तेच दोन सूर ३२० आणि ५६० वर पडतात.

हेलिक्स या मॉडेलरमध्ये या सेटिंगला रिपल म्हणतात. काही यंत्रांत विजेची वारंवारताही निवडता येते. तुमच्या यंत्रात असे काही असेल तर ते पूर्ण शून्यावर नेऊ नका, कारण जोराच्या सुरातला थोडा खडबडीतपणा त्याच लहरीमुळे येतो. बाराव्या पडद्याच्या वर एक सूर धरून ठेवा आणि भूतसूर तुमच्या सुरामागे लपेल इतपतच तो नॉब मागे आणा. पुरवठा जितका जास्त बसतो तितकी ही लहर मोठी होते, त्यामुळे यापुढे कधी सॅग वाढवलात तर हे पुन्हा एकदा तपासावे लागेल.